झाकलेले नाव आणि पुसलेले नाव

जून २०२५ मध्ये इटलीतील मिलान शहरी प्राडा या विख्यात पेढीने पुरुषांच्या पोशाखांचे प्रदर्शन भरविले. त्यातील तरुणांच्या पायांत जे पादत्राण होते ते पाहून महाराष्ट्रातील कोणत्याही आजोबांनी क्षणात सांगितले असते की, ही तर आपली कोल्हापुरी! पेढीने मात्र तिची ओळख केवळ चामड्याचे सपाट पादत्राण एवढीच करून दिली होती. कोल्हापूरचे नाव नव्हते, महाराष्ट्राचे नव्हते, भारताचेही नव्हते. त्यानंतर आपल्याकडे उठलेला गदारोळ वाचकांच्या स्मरणात असेलच. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने पेढीला पत्र लिहिले. या पादत्राणामागे भारतीय हस्तकलेच्या शतकानुशतकांच्या वारशाची प्रेरणा आहे, असे पेढीने मान्य केले. वर्तमानपत्रांतून अस्मितेवर रकाने भरले, आणि झालेला अपमान धुऊन निघाला असे समजून आपण सारे आपापल्या कामाला लागलो.

या साऱ्या प्रकारात एक प्रश्न मला सतावीत राहिला आणि आजही सतावीत आहे. त्या गदारोळात कोल्हापुरी चप्पल शिवणाऱ्या एका तरी माणसाचे नाव आपल्या कानी पडले काय? कोल्हापूरचे नाव घेतले नाही म्हणून आपण परक्यांवर रागावलो. परंतु चप्पल करणाऱ्याचे नाव आपणही कधी घेतलेले नाही, याची आपल्याला लाज वाटली नाही. प्राडाने एका शहराचे नाव काही दिवस गाळले. आपण माणसांची नावे पिढ्यान्पिढ्या गाळीत आलो आहोत. तेव्हा या खटल्यात आरोपीच्या पिंजऱ्यात केवळ मिलानला उभे करून भागणार नाही.

हा प्रश्न नीट उमगावा म्हणून फॅशनच्याच जगातील एका माणसाची हकीगत सांगणे अवश्य आहे. कारण नाव आणि चेहरा न दाखविणे हेच त्याने आपले वैशिष्ट्य बनविले, आणि जगाने त्याबद्दल त्याची आरती ओवाळली.

चार टाक्यांची कहाणी

मार्टिन मार्जिएला हा १९५७ साली बेल्जियममध्ये जन्मलेला वेशरचनाकार. अँटवर्प येथील कला अकादमीत त्याचे शिक्षण झाले. पॅरिसमध्ये जाँ पॉल गोतिए यांच्या हाताखाली काही वर्षे उमेदवारी केल्यावर १९८८ साली जेनी मेरेन्स या सहकारिणीबरोबर त्याने स्वतःचे वेशगृह काढले. फॅशनच्या व्यवसायात कपड्याच्या मानेपाशी शिवलेली नावाची पट्टी म्हणजे सर्वस्व. त्या पट्टीसाठीच गिऱ्हाईक दसपट पैसे मोजते. या दोघांनी आपल्या कपड्यांना कोरी पांढरी पट्टी लावली. तिच्यावर एक अक्षरही नव्हते. चार कोपऱ्यांवर चार साधे टाके घालून ती अडकविलेली असे, आणि ज्या कपड्याला अस्तर नसे त्याच्या पाठीवर ते चार टाके बाहेरूनही दिसत.

मार्जिएलाने आपले छायाचित्र छापू दिले नाही. समोरासमोर मुलाखत दिली नाही. वार्ताहरांनी प्रश्न पाठवावेत आणि वेशगृहाकडून फॅक्सने उत्तर यावे, तेही 'मी' असे नव्हे तर 'आम्ही' असे. त्याच्याकडचे सारे कर्मचारी, अधिकारी असोत वा शिवणारे, सारखेच पांढरे कोट घालीत. पहिल्याच प्रदर्शनात काही स्त्रियांचे चेहरे त्याने कापडाने झाकले होते. लोकांनी चेहरा न पाहता वस्त्र पाहावे, हा हेतू. अंगठा वेगळा ठेवणारे बूट घातलेल्या त्या स्त्रिया तांबड्या रंगात पाय बुडवून पांढऱ्या कापडावरून चालल्या. त्यांच्या पाऊलखुणा उमटलेले तेच कापड पुढच्या हंगामात कपड्यांसाठी वापरले गेले. फुटलेल्या बश्यांच्या तुकड्यांची बंडी, सैनिकी पायमोज्यांचा स्वेटर असे त्याचे प्रयोग आज संग्रहालयांत मानाने मांडले जातात. हा माणूस खरा कलावंत होता, याविषयी माझ्या मनात शंका नाही. प्रसिद्धीच्या मागे ऊर फुटेतो धावणाऱ्या जगात त्याने धरलेले मौन मला आदरणीयही वाटते.

परंतु समीक्षकांनी या मौनाला वैराग्याची वस्त्रे चढविली, तेथे माझा त्यांच्याशी वाद आहे. नाव झाकण्यासाठी मुळात नाव असावे लागते. ज्याच्या तिजोरीत धन आहे तोच ते दान करू शकतो. रिकाम्या हातांच्या माणसाला आपण त्यागी म्हणत नाही. मार्जिएलाच्या कोऱ्या पट्टीचे झाले काय? ते चार टाके हीच त्या वेशगृहाची ओळख ठरली. जाणकारांच्या मेळाव्यात पाठीवरचे चार पांढरे टाके दिसले की, अंगावरचा कपडा कोणाचा आणि किती मोलाचा, हे न सांगता कळू लागले. ज्यावर नाव नव्हते तीच सर्वांत बोलकी पट्टी झाली. २००२ साली डिझेल या पेढीचे मालक रेंझो रोसो यांनी या वेशगृहाचा मोठा हिस्सा विकत घेतला. २००९ साली मार्जिएला तेथून निघून गेला, पण त्याचे आडनाव मागेच राहिले. आजही वेशगृह त्याच नावाने चालते. पुढे २०२१ साली पॅरिसमध्ये त्याने आपल्या चित्र-शिल्पांचे प्रदर्शन भरविले ते स्वतःच्या नावाने. त्याने मनात आणले आणि त्याचे नाव त्याच्या हाकेला धावून आले. ते कोठेही हरवले नव्हते.

आणखी एक गोष्ट. ज्या बुटांनी तो प्रसिद्ध झाला, त्यांची कल्पना जपानी मजुरांच्या पायांतून आली. अंगठा वेगळा ठेवणारे 'ताबी' हे त्या देशातील जुने पायमोजे, आणि त्याच घाटाचे जोडे घालून तेथील मजूर बांधकामावर चालतात. मार्जिएलाने ही प्रेरणा लपविली नाही, बुटाचे नावही 'ताबी'च ठेवले. तो अप्रामाणिक होता असे मी म्हणत नाही. पण हा हिशेब पाहावा: मजुरांचा घाट उचलला, तो मजूर निनावीच राहिला, घाट उचलणारा निनावी राहिला म्हणून थोर ठरला. वेशगृहाच्या त्या 'आम्ही'मध्ये पांढऱ्या कोटातील शिवणारेही होते असे म्हणतात. असतीलही. पण जगाने त्या 'आम्ही'चा अर्थ नेहमी एकच घेतला: मार्टिन मार्जिएला.

निनावीपणाचे हे दोन प्रकार आहेत. एक जण आपले नाव झाकतो. दुसऱ्याचे नाव पुसले जाते. झाकलेले नाव हवे तेव्हा उघडता येते, पुसलेले परत लिहिता येत नाही. या दोहोंना 'निनावी कलावंत' असे एकच गोंडस नाव देणे ही भाषेची लबाडी आहे, आणि तिचा लाभ नेहमी पुसणाऱ्याला होतो.

आठ जिल्हे आणि एकही माणूस नाही

आता कोल्हापुरीकडे वळू. ही चप्पल एका हातची नसते. कातडे बाभळीची साल आणि हिरडा यांत मुरवून कमवावे लागते. हे काम प्रामुख्याने ढोर समाजाने केले. पुढे रापीने कापणे, तळ जोडणे, खिळा न ठोकता चामड्याच्याच वादीने शिवणे, ही कामे चर्मकार कुटुंबांनी केली. पट्ट्यावरच्या बारीक वेण्या आणि नक्षी यांत घरातील स्त्रियांचा हात मोठा. कापशी, पायताण, कचकडी, बक्कलनाळी, पुकरी अशी तिच्या प्रकारांची नावे सांगितली जातात. ही नावे घाटांची आणि गावांची आहेत. तिच्या मागची सारी माणसे मात्र ज्यांना गावाने वेशीपलीकडे ठेवले त्या जातींतील होती. ज्याच्या सावलीचा विटाळ मानायचा, त्याने केलेली वस्तू पायात घालून मिरवायचे, हा आपला शिरस्ता. त्या वस्तूवर त्याचे नाव आले असते, तर त्याला माणूस म्हणावे लागले असते.

२०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. ते महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांसाठी आहे. मानांकनाची नोंद दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावे झाली. हे चांगलेच झाले. याने नक्कल करणाऱ्याला काही पायबंद बसतो. पण मानांकन भूमीला मिळते, माणसाला नव्हे. प्राडाविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात काही वकिलांनी जनहित याचिका केली, तेव्हा जुलै २०२५ मध्ये ती फेटाळली गेली. अशी दाद मागण्याचा अधिकार मानांकनाच्या नोंदणीकृत धारकाचा, असा तिचा आशय. कायद्याच्या दृष्टीने ते योग्यच असेल. तरी या चित्राकडे क्षणभर पाहावे. एका बाजूस पेढी, दुसऱ्या बाजूस वकील, मध्ये महामंडळ, आणि ज्याच्या बोटांना आरी टोचून घट्टे पडले तो कोठेच नाही! त्याचे नाव चोरले गेले म्हणून तो भांडणार तरी कसा? त्याच्या नावाची नोंदच नाही.

इटलीच्या माणसाने आपल्या कातडीकामाची तारीफ करण्याची ही पहिली वेळ नव्हे, हे वसईकरांनी तरी विसरू नये. आपला पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाला; तोवर आपण ठाणे जिल्ह्याचेच. त्या ठाण्याच्या राज्याविषयी व्हेनिसच्या मार्को पोलोने तेराव्या शतकाच्या अखेरीस लिहून ठेवले आहे की, येथून उत्तम प्रकारचे चामडे आणि सुती कापड मोठ्या प्रमाणावर परदेशी जाते. सातशे वर्षांपूर्वीही माल पश्चिमेकडे जात होता, वाखाणला जात होता. प्रवाशाचे नाव आपणांस पाठ आहे. ते उत्तम चामडे कमावणाऱ्या एकाचेही नाव इतिहासाने आपल्याला दिलेले नाही.

'कलावंताने निनावीच राहावे'

येथे काही सुजाण वाचक मला अडवतील. ते म्हणतील, "फादर, नावाचा हा सोस आधुनिक आणि अहंकारी आहे. अजिंठ्याच्या चित्रकारांनी सह्या केल्या नाहीत. युरोपातील भव्य कॅथेड्रले उभारणारे अज्ञातच राहिले. कला ईश्वरचरणी अर्पण करणाऱ्याला नाव कशाला हवे?" आनंद कुमारस्वामी यांच्यासारख्या थोर कलामर्मज्ञाने हाच विचार मोठ्या अधिकाराने मांडला आहे: पारंपरिक कारागिराला स्वतःचे नाव मिरविण्याची गरज भासत नव्हती. या विचारात सौंदर्य आहे, आणि गुरुकुलात असताना मलाही त्याची भुरळ पडली होती. आज मात्र मला तो अर्धाच खरा वाटतो.

त्या कॅथेड्रलांचेच उदाहरण घ्या. त्यांपैकी अनेकांच्या दगडांवर गवंड्यांनी कोरलेल्या छोट्या खुणा आजही आढळतात. नगावर मजुरी मिळणाऱ्या गवंड्याने कोणता दगड घडविला हे हिशेबाच्या वेळी कळावे, हा त्यांचा एक प्रमुख उपयोग मानला जातो. म्हणजे नाव आणि दाम यांची गाठ तेव्हाच बांधलेली होती. खूण पुसली तर मजुरीही पुसली जाईल, हे त्या 'अनामिक' भक्तांना पक्के ठाऊक होते.

आपल्या मराठी संतांकडे पाहावे. अहंकार गळून पडलेली याहून मोठी माणसे आपल्या भाषेत झाली नाहीत. तरी प्रत्येक अभंगाच्या शेवटी त्यांनी आपली नाममुद्रा उमटविली: तुका, नामा, चोखा, जनी. गोरा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार, सेना न्हावी या नावांत तर माणसाबरोबर त्याचा धंदाही अमर झाला. ती मुद्रा नसती तर चोखोबाची वाणी कोणा उच्चवर्णीयाच्या खात्यावर जमा व्हायला किती वेळ लागला असता? दुबळ्याच्या बाबतीत नाव हा अहंकार नसतो, तो त्याचा सातबारा असतो.

आणि पवित्र शास्त्र? निर्गमच्या पुस्तकात दर्शनमंडपाचे काम कोणी केले हे सांगताना शास्त्रकार 'कुशल कारागिरांनी केले' एवढ्यावर थांबत नाही. तो बसालेल आणि अहलियाब ही नावे देतो, त्यांची कुळे देतो, आणि अहलियाब हा निळ्या, जांभळ्या व किरमिजी सुताचे भरतकाम करण्यात निपुण होता, हेही नोंदवितो. प्रेषितांच्या कृत्यांत यापो नगरातील टबीथा मरण पावते, तेव्हा विधवा रडत पेत्राला तिने शिवलेले अंगरखे आणि वस्त्रे दाखवितात. शिवणाऱ्या एका बाईचे नाव आणि तिच्या हातचे कपडे अशी दोन्ही शास्त्राने जपली आहेत. निनावीपणाचे समर्थन करायचेच असेल, तर निदान बायबलच्या आधाराने करता येणार नाही.

दुसरा आक्षेप व्यवहारी आहे: एका वस्तूमागे दहा हात असतात, कोणाकोणाची नावे लिहायची? उत्तर सोपे आहे. तीन तासांचा चित्रपट संपल्यावर दिवे धरणाऱ्यांपासून चहा देणाऱ्यांपर्यंत साऱ्यांची नावे पडद्यावरून सरकतात. आपण ती वाचीत नसू, पण ती असतात, आणि ज्याचे असते तो आपल्या लेकराला बोट दाखवून ते वाचून दाखवितो. चित्रपटाला जे जमते ते लग्नाच्या शालूला आणि चामड्याच्या जोड्याला का जमू नये?

आपल्या अंगणातली दोन उदाहरणे

नाव दिल्याने कला बिघडते काय, हे आपल्याच जिल्ह्यात पाहावे. वारली चित्रे पूर्वी लग्नघरच्या भिंतीवर सवाशिणी काढीत. एकीचेही नाव कोठे लिहिले गेले नाही. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी भिंतीवरची ती कला कागदावर आणली आणि त्यांच्या नावाने ती जगभर पोहोचली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते निवर्तले. त्यांच्या नावाने वारली कला अहंकाराने नासली नाही. उलट त्यांच्या मागून अनेक आदिवासी चित्रकारांना आपल्या नावाने चित्र विकण्याची वाट मिळाली. याउलट बाजारात आज कुर्त्यांवर, ओढण्यांवर, पिशव्यांवर छापलेल्या वारली आकृत्या पाहाव्यात. तो तारपा, ती फेर धरलेली माणसे कोणत्या चित्रकाराच्या हातून उतरली, हे त्या कपड्यावर कोठे लिहिलेले असते? एकीकडे नाव आहे आणि नावाबरोबर मोबदला आहे. दुसरीकडे केवळ 'आदिवासी नक्षी' आहे.

दुसरे उदाहरण आपल्या समाजाला अभिमानास्पद असलेले. माहीममध्ये वाढलेले गोव्याचे वेंडेल रॉड्रिक्स हे भारतीय फॅशनमधील मोठे नाव. २०१४ साली त्यांना पद्मश्री मिळाली, फेब्रुवारी २०२० मध्ये त्यांचे निधन झाले. गोव्यातील लोप पावत चाललेली कुणबी साडी त्यांनी अभ्यासपूर्वक पुन्हा प्रकाशात आणली, गोव्याच्या वेशभूषेचा इतिहास ग्रंथरूपाने लिहिला. मार्जिएलाने स्वतःला झाकले. रॉड्रिक्स यांनी स्वतःच्या नावाच्या उजेडात इतरांना आणले. हा मार्ग मला अधिक ख्रिस्ती वाटतो. तरीही आपण बोलताना सहज 'वेंडेलची कुणबी साडी' म्हणतो, आणि ज्या विणकरांनी ती पिढ्यान्पिढ्या विणली त्यांच्यापैकी एकाचेही नाव आपल्याला सांगता येत नाही. हा दोष त्यांचा नव्हे, आपल्या जिभेचा आहे.

आता आणखी जवळ येऊ. आपल्या कुपारी आज्यांचे लाल लुगडे आज सांस्कृतिक कार्यक्रमांत दिमाखाने मिरविले जाते. ते मिरवायलाच हवे. पण ते कोणी विणले, कोणत्या गावी विणले, हे विचारण्याची बुद्धी आपल्याला किती वेळा झाली? वसई पूर्वेस वालीव, सातिवलीकडे जाऊन पाहावे. एखाद्या गाळ्यात दहा-बारा यंत्रांवर मान मोडून शिवणारी मुले बसलेली आढळतात. नालासोपाऱ्याच्या चाळींत दुपारच्या वेळी बायका तयार कपड्यांचे लोंबते दोरे कापीत असतात, टिकल्या लावीत असतात, नगावर पैसे घेऊन. तो कपडा पुढे कोणाच्या पट्टीखाली विकला जातो हे त्यांना माहीत नसते, आणि तो कोणी हातावेगळा केला हे घेणाऱ्याला माहीत नसते. हे अज्ञान दोन्ही बाजूंना अपघाताने आलेले नाही. मध्ये उभा असलेल्याच्या सोयीचे ते आहे. मजुरी करणारीचे नाव कळले, तर तिला किती मिळाले हा प्रश्न पाठोपाठ येईल, आणि तोच कोणाला नको आहे. ज्या मजुरांची मजुरी अडवून ठेवली त्यांचा आक्रोश परमेश्वराच्या कानी जातो, असे संत याकोबाने बजावले आहे. तो आक्रोश त्याला ऐकू येत असेल. आपल्याला मात्र तो कोणाचा हेही ठाऊक नसते.

दुसऱ्यांकडे बोट दाखविताना आपल्या घराचा केरही काढला पाहिजे. आपल्या ख्रिस्तमंदिरांत बाकांवर देणगीदारांची नावे रंगविलेली असतात. छताच्या पंख्यांच्या पात्यांवरही नावे गरगर फिरत असतात. कोनशिलेवर आशीर्वाद देणारे महागुरू, धर्मगुरू, प्रमुख दाते यांची नावे संगमरवरात कोरलेली असतात. बाक करणारा सुतार, भिंत बांधणारा गवंडी, शिळेवर ती नावे कोरणारा कोरक्या यांचे नाव मात्र नसते. डाव्या हाताला उजव्याचे दान कळू देऊ नये, असे प्रभूने सांगितले ते दात्याला. आपण ते कारागिराला लागू केले आणि दात्याला त्यातून सूट दिली! मी स्वतः ज्या झग्यात मिस्सा अर्पण करतो, त्याच्या पाठीवरचे क्रुसाचे भरतकाम कोणा भगिनीने किती रात्री जागून केले, हे मी कधी विचारले नाही. हा लेख लिहायला बसेपर्यंत ते विचारायचे असते, हेही मला सुचले नव्हते.

मग करावे काय?

मार्ग निघू लागले आहेत. महाराष्ट्राच्या संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळाने २०२५ साली कोल्हापुरी चपलांसाठी क्यूआर संकेताची योजना आणली. मोबाइलने तो संकेत टिपला की ती चप्पल कोणी केली, कोठे केली, कोणत्या पद्धतीने केली, हे कळावे, हा तिचा हेतू. ज्या महामंडळाच्या नावातच एक चर्मकार संत आहे, त्याने हे पाऊल उचलावे हे शोभून दिसते. डिसेंबर २०२५ मध्ये प्राडानेही महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्या महामंडळांशी करार केला. या दोन राज्यांत २,००० जोड तयार करून ते प्रत्येकी सुमारे ८०० युरोंना, म्हणजे ८०,००० रुपयांहून अधिक किमतीला, विकण्याचे जाहीर झाले. करार झाला याचा आनंद आहे. पण आपण तेथे थांबू नये. त्या जोडावर पेढीचे नाव असणारच. शिवणाऱ्याचेही असावे, आणि त्या ८०,००० रुपयांतील किती त्याच्या हाती पडले हेही सांगितले जावे, अशी मागणी महाराष्ट्राने केली पाहिजे.

कारण नुसत्या नावाचीही फसवणूक होऊ शकते. कारागिराचे हसतमुख छायाचित्र छापायचे, त्याखाली चार गोड ओळी लिहायच्या, किंमत वाढवायची आणि मजुरी होती तेवढीच ठेवायची, हा नवा धंदा उद्या जोरात चालेल. तेव्हा नावाबरोबर दाम, आणि दामाबरोबर नाव. यांतले एक देऊन दुसरे राखून ठेवणाऱ्याचा निषेधच केला पाहिजे.

आपल्यापुरते म्हणाल, तर कुटुंबाकुटुंबांतून आरंभ करता येईल. फॅशनचे शिक्षण घेणारी आपली मुलेमुली आहेत. त्यांनी पहिला कपडा प्रदर्शनात मांडताना ज्या मावशींनी त्याला काज-बटण केले त्यांचे नाव स्वतःच्या नावाखाली लिहावे. लग्नात नवरीच्या पोशाखाची वाखाणणी झाली, तर आभाराच्या भाषणात शिवणाऱ्याचा उल्लेख व्हावा; केटररचा आपण करतोच. धर्मग्रामांच्या परिषदांनी पुढल्या कोनशिलेवर गवंड्यासाठी एक ओळ राखून ठेवावी. मुलांच्या प्रथम ख्रिस्तशरीराचे पांढरे कपडे आणायला जाल, तेव्हा दुकानदाराला नव्हे, आत मशीनवर बसलेल्या ताईंना त्यांचे नाव विचारा, आणि या कपड्याचे तुम्हांला किती मिळाले तेही विचारा.

कदाचित त्या म्हणतील, "राहू द्या हो, नाव कशाला हवे?" तर आग्रह धरू नका. तो त्यांचा अधिकार आहे, जसा तो मार्टिन मार्जिएलाचा होता. मात्र त्याला तो अधिकार प्रत्येक वार्ताहराने पुनःपुन्हा देऊ केला. या ताईंना तो आजवर एकदाही कोणी विचारलेला नाही.